खाली क्वार्टर

भोपाळ, ९ सप्टेंबर २०२२

ती. ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून फाडू नकोस. आधी वाच, मग खुशाल फाड. तू म्हणाली होतीस, पुन्हा या क्वार्टरची पायरी चढणार नाही. मी म्हटलं होतं, नको चढूस. तीन वर्षं झाली, दोघीही शब्दाच्या पक्क्या निघालो. आई असती तर दोघींच्याही पाठीत धपाटा घातला असता.

फोन का केला नाही, असं तुझ्या मनात येईल. आमच्या घरात हल्ली कुणी मोठ्याने बोलत नाही, म्हणून. हे पत्रसुद्धा मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत लिहितेय आणि जवाहर चौकातल्या पेटीत टाकणार आहे. वसाहतीतल्या पेटीत टाकायचा धीर होत नाही. हसू नकोस. मीही आधी हसलेच होते.

तू आली होतीस तेव्हापेक्षा वसाहत आणखी ओस पडली आहे. कारखान्यात नवी भरती नाही, जुने निवृत्त होऊन शहरात फ्लॅट घेतात, आणि क्वार्टरं तशीच बंद राहतात. आमच्या ओळीत निम्म्या घरांच्या पायऱ्यांवर गाजरगवत माजलंय. आमच्या भिंतीला भिंत लागून असलेलं चौरसियांचं क्वार्टरही रिकामं झालं. ते बाप-लेक बाग सेवनियाला राहायला गेले. आता डाव्या हाताला कुणी नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर मुलांच्या फोनवर एक पान सुरू झालं. इन्स्टाग्रामवर. नाव ‘खाली क्वार्टर’, म्हणजे रिकामं घर. कोण चालवतं ते कुणालाच माहीत नाही. काळ्या चौकोनावर पांढरी अक्षरं, आणि सुरुवात नेहमी एकच: ‘मैं खाली क्वार्टर हूँ। मुझे सब सुनाई देता है।’ मग खाली कुणाच्या तरी घरातली गोष्ट. कुणाचा मुलगा नापास झाला, कुणाचे वडील पिऊन आले. पोरं फिदीफिदी हसत वाचायची. बायका मंदिराच्या कट्ट्यावर त्याचीच चर्चा करायच्या. मीही करत होते, खोटं कशाला सांगू.

मग ऑगस्टपासून ते फक्त आपल्या कांचनबद्दल लिहायला लागलं.

एक दिवस सकाळी मी तिला ओरडले की पोळी का टाकलीस, नाटकं करू नकोस. संध्याकाळी पानावर: ‘आज कांचन ने फिर रोटी छोड़ दी। माँ ने कहा, नाटक मत कर।’ एकदा ती न्हाणीघरात रडली. तेही आलं. उदय तिला म्हणाले, गणितात इतके कमी मार्क पडले तर कॉमर्सला टाकीन. तेही आलं, आणि खाली शाळेतल्या पन्नास पोरांनी दात काढले. आम्ही घरात जे बोलतो ते मराठीत बोलतो गं. तिथे येतं ते हिंदीत, पण शब्दाला शब्द तोच. जणू कुणी आमच्या स्वयंपाकघरात बसून उतरवून घेतंय.

तिच्या त्या गोळ्यांचं अजून आलेलं नाही. तेवढं येऊ नये म्हणून मी देव पाण्यात ठेवलेत. तिच्या फिटचं तुला, मला, उदयना आणि डॉक्टरांना सोडून कुणाला ठाऊक नाही, हे तुला माहीत आहे. मुलीची जात, उद्या स्थळं बघायची, म्हणून आपण कधी त्याचं नावही काढलं नाही. काढलं तर घरात, आणि मराठीत.

तू तेव्हा म्हणाली होतीस, अकरावी-बारावीला तिला पुण्याला माझ्याकडे पाठव, इथे कारखान्याच्या आडोशाला मुलगी कुजवू नकोस. मी तुला नाही नाही ते बोलले. आता मीच विचारते. नेशील का तिला? तू खवचटपणे हो म्हणालीस तरी चालेल, पण हो म्हण.

तुझी,
प्रतिभा

भोपाळ, २३ सप्टेंबर २०२२

ती. ताई,

उत्तर नाही. ठीक आहे. मी लिहीत राहते, तेवढंच मन हलकं होतं.

आधी वाटलं, फोनमधून ऐकतंय कुणीतरी. उदयनी तिघांचे फोन गोळा केले आणि चकलीच्या डब्यात घालून डबा माझ्याबरोबर ऑफिसात पाठवला. माझ्या साहेबांना वाटलं, फराळ आणलाय. दोन दिवस घरात एकही फोन नव्हता. पानावर आलं: ‘फ़ोन डिब्बे में बंद कर दिए। मुझे फ़ोन की क्या ज़रूरत?’

ते वाचून उदयनी पेचकस हातात घेतला. बावीस वर्षं यंत्रांशी डोकं लावणारा माणूस, बिघाड कुठे आहे ते सापडल्याशिवाय त्यांना घास जात नाही. त्यांनी पंख्याच्या वाट्या उघडून पाहिल्या, देवघरामागे पाहिलं, गॅसच्या शेगडीखाली पाहिलं. काही नाही. आता आम्ही बोलायचं असेल तर नळ सोडून बोलतो. कांचन तर बोलतच नाही. पाटीवर लिहून दाखवते. सोळा वर्षांची मुलगी, जी दिवसभर चिवचिवायची, ती मला पाटीवर लिहून विचारते, ‘भाजीत मीठ कमी आहे का?’

आणि तरीही गोळ्यांचं आलंच.

‘कांचन रोज़ सफ़ेद गोली खाती है। न खाए तो ज़मीन पर गिरकर तड़पती है। पूछो उससे।’ एवढंच. दुसऱ्या दिवशी वर्गात एक मुलगा जमिनीवर पडून हातपाय झाडत होता आणि बाकीचे टाळ्या पिटत होते. बाईंनी त्याला वर्गाबाहेर उभं केलं. त्याला काय, तो बाहेर उभा राहूनही करून दाखवत होता. कांचन दप्तर तिथेच टाकून घरी चालत आली. त्या दिवसापासून तिची शाळा बंद आहे. प्राचार्यांना भेटले. म्हणाल्या, पान शाळेचं नाही, मुलं घरी जाऊन काय करतात त्यावर आमचं नियंत्रण नाही. मी म्हटलं, मॅडम, तडफडायचं नाटक त्यांनी घरी नाही केलं. त्यांनी मला पाणी विचारलं.

सायबरच्या पोलिसांकडे तक्रार दिली. तिथली बाई भली होती. सगळं लिहून घेतलं, कंपनीला पत्र पाठवते म्हणाली, वेळ लागेल. दोनदा पान बंद झालं, दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी नव्याने उगवलं. निघताना ती मला हळूच म्हणाली, ‘मैडम, बुरा मत मानिए। घर की बात घर में बैठा आदमी ही जानता है।’ परतताना स्कूटरवर मी उदयच्या मागे बसले होते. खरं सांगू का, मी त्यांच्या पाठीकडे बघत होते आणि मनात नको ते येत होतं. त्यांच्याही मनात आलं असणार.

शाळेच्या फाटकाशी रजनी भेटली. चौरसियांची रजनी, आठवते ना? शाळा तीच आहे तिची, वर्ग वेगळा. उंच झालीय. ‘नमस्ते आंटी, कांचन कैसी है?’ म्हणाली. मी म्हटलं, ठीक है बेटा. तिने सायकलची घंटी उगाच दोनदा वाजवली आणि गेली. सगळ्या शाळेत तेवढ्या एकीने विचारलं.

आणखी एक सांगते, पण उदयना वाटतं मला भास होतात. जेवायच्या वेळी शेजारच्या रिकाम्या क्वार्टरमधून भिंतीवर ठोकल्यासारखं ऐकू येतं. ठक, ठक. मग थांबतं. उदय म्हणतात, घुशी आहेत. असतीलही. पण आपण ताटं मांडली की घुशीला कसं कळतं?

काल तुळशीच्या कुंडीत पाणी घालताना मातीत पांढरं काहीतरी दिसलं. कांचनच्या गोळ्या. ती घेत नव्हती, तिथे पुरत होती.

प्रतिभा

भोपाळ, ११ ऑक्टोबर २०२२

ती. ताई,

तुझं कार्ड मिळालं. ‘पाठवून दे. मी तेव्हाच सांगितलं होतं.’ तेव्हाच सांगितलं होतं! तुझ्या देवघरात बहुतेक याच वाक्याची आरती होते. पण मी रागावले नाही. म्हणजे रागावले, तरी रात्रीपुरती. हो म्हणालीस हे पुरे झालं.

कांचन मात्र येत नाही म्हणते. पाटीवर नाही, तोंडाने बोलली, कितीतरी दिवसांनी. ‘आई, मी पळून गेले ना, तो सब कहेंगे सच था. मला नाही जायचं यार.’ गोळ्या आता मी समोर उभी राहून देते. गिळली की तोंड उघडून दाखवते, लहान असताना दाखवायची तशी. पण मी ऑफिसात असताना दुपारची गोळी ती घेते की कुंडीला देते, हे मला माहीत नाही. डॉक्टर म्हणाले, मध्येच बंद केल्या तर मोठी फिट येऊ शकते आणि जवळ कुणी नसेल तर काहीही होऊ शकतं. त्यांनी ‘काहीही’ म्हटलं. तो शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. मी रजा मागितली, ती दिवाळीनंतर मिळणार आहे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी उदय वसाहतीच्या कचेरीतला माणूस घेऊन आले आणि शेजारचं क्वार्टर तपासायला लावलं. दाराला कुलूप होतं, गंजून गेलेलं. किल्ली फिरेना. माणसाने खिडकीतून बॅटरी मारली, आत रिकामी खोली, भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर. ‘साहब, यहाँ तो साल भर से चिड़िया भी नहीं आई,’ म्हणाला आणि गेला. संध्याकाळी पानावर: ‘आज मेहमान आए थे। दरवाज़े से ही लौट गए।’

ताई, मी घाबरट नाही, तुला ठाऊक आहे. पण त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गेले नाही. ब्रेड आणला.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितेय ते. परवा पानावर एक वाक्य आलं. कांचनचं नाव नाही, कुणाचंच नाव नाही. नुसतं: ‘जो जूठा खाकर बड़ा हुआ है, वह एक दिन तुम्हारी ही थाली में थूकेगा। पहचाना?’

उदयना काही कळलं नाही. कांचनने वाचलं आणि ती पांढरी पडली. मलाही कळलं. तुला कळलं का?

हे वाक्य तुझं आहे, ताई.

तू आली होतीस तेव्हाचं जेवण आठव. वरणफळं केली होती. रजनी नेहमीसारखी आमच्यात जेवायला बसली होती. तिची आई सागर गावाला, माहेरी निघून गेल्याला तेव्हा वर्ष झालं होतं, बाप शिफ्टला असायचा, म्हणून पोर आमच्याकडे जेवायची. तिला बोलवायला मी कधी हाक मारली नाही. दोन्ही स्वयंपाकघरांमध्ये एका विटेची भिंत आहे. पळीने दोनदा ठोकलं की ती मागच्या अंगणातून धावत यायची. तिलाही काही हवं असलं की ती तिकडून ठोकायची.

तर तू तिच्याकडे बघून हसत, अगदी गोड आवाजात म्हणालीस, ‘हे पोर इथेच पडलेलं असतं का गं? आईनेच टाकली तिला तू कुठवर पुरणार? उष्टं खाऊन वाढलेलं उद्या तुमच्याच ताटात थुंकेल.’ उदय म्हणाले, अहो ताई, हळू. तू म्हणालीस, तिला कुठे कळतंय, मराठीत तर बोलतेय. आणि कांचन हसली. खळखळून हसली, तुझ्या गोड आवाजाला हसली. मी वाढत होते, वाढत राहिले. रजनी मान खाली घालून जेवत होती. तिने आणखी एक वाढून घेतलं नाही, एवढंच माझ्या लक्षात आलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी पळी ठोकली की उत्तर यायचं नाही. मला वाटलं, मोठी झाली, लाजते.

त्या टेबलाशी आपण चौघं होतो आणि ती. आपल्या चौघांपैकी कुणी ते पानावर लिहिलं नाही. आणि तिला मराठीचं एक अक्षर येत नाही. निदान मी तसं धरून चालले. दुपट्यात होती तेव्हापासून ती आमच्या घरात रांगली, आमच्या भांडणांत झोपली, आमच्या आरत्यांना टाळ वाजवले. आम्ही तिच्याकडे वळलो की हिंदीत बोलायचो, आपसात वळलो की मराठीत. मराठी म्हणजे आम्हाला दार लावून घेतल्यासारखं वाटायचं. दाराच्या आतच ती बसलेली आहे, हे एकदाही डोक्यात आलं नाही.

उदयना सांगितलेलं नाही. ते पोलिसांना घेऊन जातील. माझ्याकडे पुरावा काय, तर तुझं एक वाक्य. रविवारी मी एकटी बाग सेवनियाला जाऊन येणार आहे.

प्रतिभा

भोपाळ, १९ ऑक्टोबर २०२२

ताई,

रविवारी जाता आलं नाही, उदयची आत्या आली होती. म्हटलं, पुढच्या रविवारी. काल मंगळवारी दुपारी ऑफिसात माझा फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

‘काकू, लवकर या. कांचनला फिट आलीय. मी तिला कुशीवर वळवलंय, तोंडात काही घातलं नाही, डोक्याखाली ओढणी ठेवलीय. गाडी बोलावलीय. तुम्ही थेट हॉस्पिटलला या.’

स्वच्छ मराठी. मला आयुष्यात ‘आंटी’ सोडून काही न म्हणालेल्या मुलीचं मराठी. आणि ताई, तो आवाज कुणाचा होता सांगू? माझा. तू नेहमी चिडवायचीस ना, मी घाईत असले की वाक्याच्या शेवटी सूर वर नेते, तसाच सूर वर जात होता. पळभर मला वाटलं, मीच घरी आहे आणि मीच मला बोलावतेय. पर्स उचलली आणि धावत सुटले.

कांचन वाचली. हे आधी लिहायला हवं होतं, माझं डोकं ठिकाणावर नाही. फिट मोठी होती, थांबतच नव्हती. डॉक्टर म्हणाले, पाठीवर तशीच पडून राहिली असती, तोंडातला फेस घशात गेला असता, तर आपण आत्ता वेगळं बोलत असतो. दुपारच्या गोळ्या तिने कुंडीलाच दिल्या होत्या. आज सकाळी ती माझ्याशी बोलली, भूक लागलीय म्हणाली. मी बाहेर जाऊन रडून आले.

रजनी हॉस्पिटलच्या बाकावर बसली होती. शाळेचाच ड्रेस, ओढणी नाही. मी ठरवलं होतं, आधी दोन कानाखाली ओढायच्या. हात उचललाही होता. तिने मान पुढे केली, म्हणजे मारायला सोपं जावं. मग कसला चालतोय हात.

मी विचारलं, ‘भिंतीपलीकडे तूच असायचीस?’

‘हो.’

‘आत कशी जायचीस?’

‘मागच्या अंगणातून. मागच्या दाराची कडी पहिल्यापासून बसत नाही, काकू. तुम्ही समोरूनच बघितलंत.’

बरोबर आहे. आम्ही घर तपासायचं म्हणजे समोरून तपासतो.

मग ती आपणहून बोलत राहिली, मराठीत, खाली बघत. ‘पहिल्यांदा मी फक्त ऐकायला यायचे. नव्या फ्लॅटमध्ये कोणी बोलतच नाही. पापा टीव्ही लावून झोपतात. इथे कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या, काकांचं खोकणं, तुमचं ओरडणं. मी भिंतीला टेकून डबा खायचे. वाटायचं, तुमच्यातच बसलेय. मग एकदा असंच लिहिलं, दुसऱ्या घरांचं, इकडून तिकडून ऐकलेलं. सगळे वाचायला लागले. शाळेत मला कोणी विचारत नाही, पण ते सगळे मलाच वाचत होते. कांचनचं लिहिलं की सगळ्यात जास्त वाचायचे.’

‘आणि गोळ्यांचं? ते का लिहिलंस? लहानपणी तूच तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होतीस. डॉक्टरांनी तुम्हा दोघींना समजावलं होतं.’ हे बोलताना मलाच आठवलं की तेही मी विसरून गेले होते. तुला लिहिलं, चौघांनाच ठाऊक आहे म्हणून. रजनीला मी मोजलंच नव्हतं.

तिने पहिल्यांदाच वर बघितलं. मग म्हणाली, ‘ती हसली होती.’

दुपारी भिंतीपलीकडे बसली असताना तिला धप्प आवाज आला, आणि मग भांडं घरंगळल्याचा. तिने भिंतीवर दोन ठोके दिले, इकडून काही नाही. म्हणून ती मागच्या अंगणातून धावत आली. आमच्या घरात तीन वर्षांनी.

घरी आल्यावर मी मागच्या अंगणातून त्या क्वार्टरमध्ये गेले. स्वयंपाकघरात भिंतीशी एक सतरंजी, पाण्याची बाटली, आणि आपल्या घरची वाटी. तिच्यावर माझं नाव कोरलेलं आहे, आईने लग्नात दिलेल्या सेटमधली. कधीतरी भाजी घालून मी ती तिकडे पाठवली होती. धुऊन पालथी घातलेली होती. तिथे टेकून बसले, तर आमच्या घरात उदय आत्याशी फोनवर बोलत होते. शब्द न् शब्द ऐकू येत होता. माझ्याच घराला मी असं बाहेर बसून ऐकत होते. आपण किती बोलतो गं. आणि किती वाईट बोलतो.

प्रतिभा

भोपाळ, १४ नोव्हेंबर २०२२

ती. ताई,

तुझं लांबलचक पत्र आलं. तू लिहिलंयस की तुला ते वाक्य आठवत नाही. मी विश्वास ठेवते. बोलणाऱ्याला आठवत नाही, हेच खरं आहे. ऐकणारी ते तीन वर्षं पाठ करत बसली.

पुढचं सांगते. उदय तक्रार मागे घ्यायला तयार नव्हते आणि मीही त्यांना अडवलं नाही. तिने कांचनला वाचवलं म्हणून आधीचं पुसलं जात नाही. चौरसियाजी पेढ्यांचा डबा घेऊन आले आणि आमच्या दारात लहान मुलासारखे रडले. ‘भाभीजी, मुझे पता ही नहीं था कि मेरी बेटी को मराठी आती है।’ दोन्ही घरांत तिला कुणी ओळखलं नव्हतं, असंच झालं म्हणायचं. मग पोलिसातल्या त्याच बाईसमोर, प्राचार्यांसमोर, बापाशेजारी उभं राहून रजनीने सगळं कबूल केलं. पानावर तिने शेवटचं लिहिलं, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या फोटोसकट: ‘खाली क्वार्टर मैं थी। कांचन की बीमारी का मज़ाक मैंने बनवाया। उसकी कोई ग़लती नहीं।’ ते आठवडाभर तसंच ठेवायला लावलं आणि मग तिच्याच हाताने पान मिटवलं. पोलिसातली बाई दर महिन्याला तिला बोलावून बोलणार आहे. त्या तडफडणाऱ्या पोराला आणि त्याच्या आईबापांनाही बोलावणं गेलं. प्राचार्यांनी आता डॉक्टरांना शाळेत आणून फिट म्हणजे काय ते सगळ्या वर्गांना समजावलं. आधी केलं असतं तर, असं माझ्या तोंडावर आलं होतं, पण गिळलं.

कांचन शाळेत जाते. गोळी डब्यात, सगळ्यांसमोर घेते. लपवायचं उरलंच नाही, त्यामुळे एक प्रकारे सुटली, असं ती म्हणते. स्थळांचं बघू पुढे. ज्याला पांढऱ्या गोळीची भीती वाटते त्याच्या घरी माझी मुलगी जाणार नाही. पुण्याला ती येत नाही, रागावू नकोस.

रजनीचं नाव मात्र काढू देत नाही. शाळेत दिसली तर रस्ता बदलते. मी काही म्हणत नाही. राग तिचा आहे, तो किती दिवस ठेवायचा ते तीच ठरवेल.

कचेरीने त्या क्वार्टरचं मागचं दार बंद करायचं ठरवलंय. अजून माणूस आलेला नाही. मागच्या भिंतीशी कधी कधी सायकल दिसते. मी उदयना सांगत नाही. पलीकडून आता काही आवाज येत नाही, पण आवाज न येण्याचाही एक आवाज असतो. ताटं मांडताना मला पाठीवर कळतं की कुणीतरी आहे. आधी भीती वाटायची. आता वाटतं, जेवली असेल का.

काल वरणफळं केली होती. तीन वर्षांत केली नव्हती. कांचन येऊन ओट्याशी उभी राहिली, पातेल्यात बघितलं, आणि काही न बोलता खुंटीवरची पळी काढली. मला वाटलं, वाढून घेतेय. तिने पळीने भिंतीवर ठोकलं. दोनदा, इतकं जोरात की रंगाचे पोपडे पडले.

आणि ओरडून बोलली, मराठीत. ‘ऐकतेयस ना? मला तुझा राग आहे. जाम राग आहे. तुला वाटतं तितका साधा नाही, बहुत है. मी हसले ते चुकलं, ते मी तोंडावर सांगेन. पण माझं जे काय आहे ते तू पण तोंडावर ऐकायचंस. भिंतीतनं नाही.’

मी गॅस बंद केला. उदय दारात येऊन उभे राहिले आणि मी त्यांना बोटाने गप्प केलं.

मग पलीकडून आलं. ठक. नुसतं एकदा, हळू, बोटाच्या पेराने ठोकल्यासारखं.

आली नाही ती. कांचन बराच वेळ मागच्या दाराकडे बघत होती आणि मग म्हणाली, ‘वाढ, आई, थंड होतंय.’ मी चार ताटं वाढली. चौथं झाकून ठेवलं. आज सकाळी ते मागच्या अंगणातल्या ओट्यावर नेऊन ठेवलं आणि ऑफिसला आले.

तू विचारलं आहेस, दिवाळी तर गेली, आता नाताळच्या सुट्टीत आलं तर चालेल का. ये. पायरी चढणार नाही म्हणाली होतीस, तर मागच्या अंगणातून ये, तिथे पायरी नाही. तुला न आठवणारं ते वाक्य मी तुला पत्रात लिहून पाठवलेलं आहेच. ते कुणाला परत घ्यायचं आहे, ते तुला सांगायला नको.

आणि इथे आलीस की मराठीत जरा जपून बोल. भिंतीपलीकडे आपल्यातलंच माणूस असतं.

तुझी,
प्रतिभा